कचारगडची गुहा आणि डोंगरगडच्या दोन टेकड्या

पुण्याच्या माणसाला नागपुरापलीकडचा मुलूख विलायतेइतकाच दूर वाटतो, हें आमच्या भाऊजींचें नेहमींचें गाऱ्हाणें. त्यांची बदली गोंदियास होऊन दोन वर्षें झालीं, तरी घरांतलें कोणी तिकडे फिरकलें नव्हतें. शेवटीं यंदा माघांत सासूबाईंनींच मनावर घेतलें, आणि त्या, आम्ही उभयतां व नऊ वर्षांचा वसंता असे चौघे जण निघालों. जाऊबाईंनीं आमच्यासाठीं एका दिवसाचा बेत आंखूनच ठेवला होता. सकाळीं गोंडांचें कचारगड, दुपारीं डोंगरगडची बमलेश्वरी, संध्याकाळीं तेथल्याच प्रज्ञागिरीवरचा बुद्ध. तो ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एका दिवसांत तीन धर्म! पोटाला सोसेल ना?"

गोंदियाहून रायपूरकडे जाणारी आगगाडीची ही वाट बरीच जुनी आहे. प्रथम ती मीटरगेज होती. १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे निघाली, तेव्हां तिच्याकडे जाऊन ती रुंद झाली. आमगांव, सालेकसा अशीं स्टेशनें मागें पडूं लागलीं, तशी भाताचीं बांधबंदिस्त शेतें विरळ होत गेलीं आणि डोंगर जवळ येऊं लागले. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यांतून वेगळा निघाला तो १९९९ सालीं. त्याचा हा पूर्वेकडचा कोपरा. येथून पुढें छत्तीसगड लागतें. दरेकसा स्टेशनावर उतरून आम्ही भाड्याच्या गाडीनें पायथ्याच्या धनेगांवास गेलों. पळस नुकता फुलूं लागला होता.

भाऊजींच्या ओळखीचे एक वयस्क गोंड गृहस्थ तेथें आमची वाट पाहत होते. "जय सेवा," असें म्हणून त्यांनीं हात जोडले आणि सासूबाईंच्या हातीं एक बांबूची काठी दिली. "हळू या माय, घाई नाहीं." माघी पौर्णिमेची जत्रा होऊन आठ दिवस झाले होते. महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा चहूंकडून त्या दिवसांत लाखोंनीं माणूस येथें लोटतें. आतां मात्र मांडवांच्या बल्ल्या, विझलेल्या चुली आणि झाडांना अडकलेले पिवळे झेंडे एवढेंच उरलें होतें. ही जत्रा आजच्या रूपास आली ती १९८० नंतरच्या काळांत. गोंडी भाषेचे व धर्माचे अभ्यासक डॉ. मोतीराम कंगाली (ते २०१५ सालीं निवर्तले) आणि त्यांचे सोबती यांच्या खटपटीचें तें फळ, असें त्या गृहस्थांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें.

वाटेंत कली कंकाली दाईचें स्थान लागतें. तेथें सासूबाईंनीं सवयीनें पदर सांवरून नमस्कार केला. देवी म्हटल्यावर त्यांना दुसरें कांहीं विचारावें लागत नाहीं. पुढें दगडांतून चढत चढत आम्ही गुहेच्या तोंडाशीं आलों. तिचें वर्णन काय करावें! आमची पुण्याची अख्खी आळी सामानसुमानासह आंत मावेल, एवढी ती प्रशस्त आहे. वरच्या एका भगदाडांतून उजेडाचा पट्टा खालीं उतरला होता. आंत कोरीव खांब नाहीं, कमान नाहीं, कीं कळस नाहीं. वसंता एकदम गप्प झाला, हें विशेष.

तेथें एका शिळेवर बसून त्या गृहस्थांनीं कथा सांगितली. कली कंकालीचीं तेहेतीस मुलें फार द्वाड निघालीं, म्हणून शंभूनें त्यांना या गुहेंत कोंडून तोंडावर मोठी शिळा लोटली. आई बाहेर रडत राहिली. जंगो रायताडनें त्या मुलांची काळजी वाहिली. पुढें पारी कुपार लिंगो आला. त्याच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीर यानें किंगरी वाजविली. त्या सुरांनीं आंतल्या मुलांना बळ चढलें, त्यांनीं शिळा ढकलली आणि मुलें सुटलीं. पण शिळा गडगडली ती बाहेर उभ्या असलेल्या हिरासुकावर. लिंगोनें पुढें त्याच मुलांना गोत्रें दिलीं, धर्म शिकविला. गोंड समाज आपलें मूळ येथें मानतो तें यामुळें.

मीं हळूच सासूबाईंकडे पाहिलें. चाळीस वर्षें त्यांचा सोमवार चुकलेला नाहीं. आमच्या देवघरांत मधोमध आहे ती महादेवाची पिंडी. आणि येथें मुलांना कोंडणारा तो शंभूच! वसंत्यानें तर विचारलेंच, "आजी, म्हणजे आपला शंकर?" मला धरणी दुभंगेल तर बरें असें झालें. त्या गृहस्थांच्या तें ध्यानांत आलें असावें. ते म्हणाले, "माय, आमचा शंभूशेक आणि तुमचा महादेव एकच कीं वेगळे, याचा आमच्यांतही वाद आहे. कोणी म्हणतो, तो आमचाच मूळ पुरुष. मी ऐकलें तसें सांगितलें."

सासूबाई कांहींच बोलल्या नाहींत. उतरतांना इकडून एका जुन्या ग्रंथाची आठवण निघाली. नागपुरास असलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८६३ सालीं ओढ्याच्या पुरांत बुडून वारले. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापले. त्यांत लिंगोचें एक लांबलचक गीत आहे. तेथेंही गोंडांना गुहेंत कोंडतो तो महादेवच, मात्र ती गुहा धवलगिरीची. त्यांतून निसटलेले चौघे ज्या रानांत जातात, त्याचें नांव काचीकोपा लोहागड. म्हणजे ही कथा कोणी काल जुळविलेली नव्हे. सासूबाईंनीं तें ऐकलें, आणि "पायरी बघा," एवढेंच म्हटलें.

दुपारच्या लोकलनें आम्ही पुढें निघालों. दरेकसा सोडल्यावर बोगदा लागतो. तो संपला कीं थोड्याच वेळांत प्रांत बदलतो. डोंगरगडबद्दल फार लिहीत नाहीं. ही जुनी कामावती नगरी, माधवानल आणि कामकंदला यांच्या प्रेमकथेचें स्थळ, असें सांगतात. वरच्या बमलेश्वरीस हजारांवर पायऱ्या आहेत. सासूबाईंना आम्ही रोपवेच्या पाळण्यांतून नेलें, आणि ओटी भरून झाल्यावर त्यांना पुन्हां कंठ फुटला. आपल्या ओळखीचें कुंकू, नारळ, घंटा! प्रसादाच्या रांगेंत मात्र आमची इतकी ढकलाढकल झाली कीं सकाळच्या गुहेंतल्या शांततेची मला फार आठवण झाली.

ऊन उतरतां उतरतां प्रज्ञागिरी चढलों. उघड्या आकाशाखालीं बुद्धाची विशाल मूर्ति, खालीं गांव आणि तलाव. दर्शनास आलेल्यांत कित्येक कुटुंबें मराठी बोलणारीं होतीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं दीक्षा घेतली व दिली, त्याची सावली या साऱ्या मुलखावर आहे. सासूबाईंनीं पांढरें पातळ नेसलेल्या एका बाईंना विचारलें, "अहो, इथें वाहायचें काय?"

"कांहीं नाहीं, आजी. मेणबत्ती लावायची तर लावा, नाहीं तर नुसत्या बसा."

"आणि मागायचें काय?"

त्या बाई हंसल्या. "मागायचें पण कांहीं नाहीं."

सासूबाई बसल्या. ज्या देवापाशीं मागायचें नाहीं, त्याच्यापुढें हातांचें काय करावें, हें त्यांना उमगेना; शेवटीं त्यांनीं ते मांडीवर ठेवले. तेवढ्यांत वसंत्यानें सकाळचा धागा धरलाच. "आजी, यानें कोणाला कोंडलें होतें का ग?"

"नाहीं रे. हाच घर सोडून गेला." मग थोडें थांबून म्हणाल्या, "बायको बाळंतपणाची ओली होती."

"यशोधरेला आम्ही पण मानतों, आजी," त्या बाई म्हणाल्या, आणि आपल्या डब्यांतली संत्र्याची फोड त्यांनीं पुढें केली. ती सासूबाईंनीं घेतली आणि तेथेंच खाल्ली. प्रवासांत घरच्या डब्याबाहेर न जेवणाऱ्या सासूबाईंकडे जाऊबाई आणि मी नुसत्या पाहत राहिलों.

परतीच्या गाडींत वसंता माझ्या मांडीवर झोंपला. बोगद्यांत डब्याचे दिवे क्षणभर मंद झाले, तेव्हां सासूबाईंनीं त्याच्या पायांवर आपली शाल टाकली.

दुसरे दिवशीं सोमवार होता. स्नान आटोपून सासूबाईंनीं भाऊजींच्या देव्हाऱ्यांतल्या लहानशा पिंडीवर अभिषेक केला, बेल वाहिला. मी निरांजनांत वात घालीत होतें. जप संपतांच वळून त्यांनीं मला विचारलें, "तो शिळेखालीं सांपडला, किंगरी वाजविणारा, त्याचें नांव काय ग म्हणाले होते?"

"हिरासुका."

"हिरासुका," त्या म्हणाल्या, आणि उरलेलें एक बेलाचें पान पिंडीच्या शेजारीं, थोडें बाजूला, ठेवून उठल्या.