गाडी तुमची, हाडं माझी

कल्याण पूर्वेला आमचे लहानसे गॅरेज आहे. आम्ही दोघे भाऊ मिळून ते चालवतो. रिक्षा, टेम्पो, जुन्या मोटारी, जे दारात येईल ते काम करतो. लिहिणे हा आमचा धंदा नाही. पण यंदा आमच्या हातून एक चूक झाली आणि ती आमच्या आईला भोगावी लागली. तीच चूक समाजातल्या दुसऱ्या घरात होऊ नये, एवढ्यासाठी हे चार शब्द लिहितो आहोत.

थोरल्याचा मुलगा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून ठाण्यात नोकरीला लागला. दोन वर्षे पैसे साठवून आणि वर थोडे कर्ज काढून त्याने वापरलेली पोलो जीटी घेतली. आमच्या घरातली ही पहिली मोटार. आमच्या वडिलांनी कल्याणच्या मालधक्क्यावर जन्मभर हमाली केली. दुसऱ्याचा माल पाठीवर वाहिला. त्यांच्या नातवाच्या नावावर गाडी झाली, याचा आनंद काय सांगावा! लिंबू-मिरची काही बांधली नाही. विहारात जाऊन त्रिसरण-पंचशील घेतले, पेढे वाटले आणि आईला पुढच्या सीटवर बसवून डोंबिवलीपर्यंत फेरी मारून आलो.

पुढे पोराच्या मनात आले की गाडीला कॉइलओव्हर बसवावेत. वाचकांपैकी पुष्कळांना हा शब्द नवा असेल, म्हणून सांगतो. कुठल्याही मोटारीत चाक आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये दोन वस्तू असतात. एक स्प्रिंग, ती वजन तोलते आणि खड्डा पोटात घेते. दुसरा शॉकअप, तो स्प्रिंगचे उड्या मारणे थांबवतो. नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी झोपाळ्यासारखी हलत राहिली असती. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला असा संच की ज्याच्या नळीवर आटे पाडलेले असतात. आट्यांवरची रिंग खालीवर फिरवली की गाडीची उंची कमीजास्त होते. चांगल्या संचात टोकाला एक बटण असते. ते फिरवले की शॉकअप कडक किंवा नरम होतो. पोलोसारख्या गाडीत पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात, मागे मात्र दोन्ही वेगवेगळे बसवलेले असतात. म्हणून मागची उंची स्प्रिंगच्या बैठकीतून निराळी लावावी लागते. संचाची किंमत सहज लाखाच्या घरात जाते.

पोराने आम्हाला शर्यतीच्या गाड्यांची चित्रे दाखवली. जमिनीला टेकल्यासारख्या त्या गाड्या वळणावर जराही कलत नाहीत. तसे होते हे खरेच आहे. मायावती मुख्यमंत्री असताना १९९७ साली उत्तर प्रदेशात गौतम बुद्ध नगर हा जिल्हा झाला. त्या जिल्ह्यात ग्रेटर नोएडाला तथागतांच्या नावाची शर्यतीची धावपट्टी आहे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तिथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. पाच किलोमीटरहून थोडी लांब अशी ती पट्टी डांबराची, आरशासारखी. गाडीत माणूस एकच, तोही पट्ट्यांनी आवळून बसवलेला. तिथे कडक स्प्रिंग शोभते. आमचा रस्ता कोळसेवाडीतून पत्रीपुलाकडे आणि तिथून शिळफाट्याकडे जातो, हे आम्ही पोराला तेव्हाच सांगायला हवे होते. आम्ही सांगितले नाही. खरे बोलायचे तर आमचेही मन मोहले होते. रिक्षांचे शॉकअप बदलण्यात जन्म गेला. असे काम हातात कधी आले नव्हते.

संच आणला तो पोराच्या मित्राने सुचवला म्हणून. स्प्रिंग किती किलोची आहे, हेसुद्धा आम्ही विचारले नाही. पाच किलोची स्प्रिंग म्हणजे एक मिलिमीटर दबायला पाच किलो भार घेणारी. हा आकडा विचारल्याशिवाय संच घेणे म्हणजे माप न देता कपडे शिवून घेणे होय. त्यातून आम्ही गाडी चार सेंटिमीटर खाली घेतली. शॉकअपचे बटण अगदी कडक टोकाला नेले. आणि हे सगळे केले गॅरेजात, रिकाम्या गाडीवर.

आता हिशेब पाहा. त्या गाडीची जमिनीपासूनची उंची साधारण साडेसोळा सेंटिमीटर. चार गेले, साडेबारा राहिले. पाच माणसे आणि सामान बसले की आणखी दोन-तीन जातात. हाती उरले जेमतेम दहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या निकषात गोल गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर धरली आहे. पण त्याची रुंदी ३.७ मीटर आहे. म्हणजे गाडी हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. आपल्या गल्लीतले गतिरोधक मात्र हातभर रुंदीचे आणि भिंतीसारखे उभे असतात. आणि उंची हा अर्धाच हिशेब झाला. गाडी खाली घेतली की चाकाला वर उचलायला जागाही तेवढीच कमी राहते. जागा संपली की शॉकअप रबरी ठोकळ्यावर आपटतो. मग स्प्रिंग नाही, शॉकअप नाही. रस्त्याचा दणका थेट माणसाच्या पाठीत जातो.

तसेच झाले. २० मार्चला महाडला जायचे ठरले. १९२७ साली त्याच दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. आई दरवर्षी जायची ती एसटीने किंवा वस्तीच्या टेम्पोतून. या वेळी नातवाच्या गाडीतून जायचे म्हणून तिने नवे पांढरे पातळ काढले होते. वय अठ्ठ्याहत्तर. पाय लांब करता यावेत म्हणून तिला मागे बसवले. पनवेल, पेण मागे पडले. माणगावच्या पुढे एक उभा गतिरोधक आला, तो पोराला उशिरा दिसला. वेग फार नव्हता. पुढची चाके गेली आणि मागून असा दणका बसला की आई सीटवरून उचलली जाऊन खाली आपटली. तिने एकच शब्द काढला, "आई गं!" आणि मग ती गप्प झाली.

महाडच्या गर्दीत तिला तळ्यापाशी धरून नेले. तिने हात जोडले, पण उभे राहवेना. परतताना कल्याणला येईपर्यंत ती कुशीवर पडून होती. एक्स-रे काढला तेव्हा कमरेचा एक मणका दबलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, या वयात हाडे आतून विरळ झालेली असतात, विशेषतः बायकांची. असा एक दणका पुरतो. मागच्या चाकाजवळ बसणाऱ्याला धक्का जास्त बसतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवत जा. पट्टा बांधायचा आणि दीड महिना विश्रांती घ्यायची.

आम्ही दोघे भाऊ मान खाली घालून उभे होतो. आईने पोराला काही म्हटले नाही. आमच्याकडे पाहून एवढेच म्हणाली, "गाडी तुमची रे बाबांनो, पण हाडं माझी होती."

त्या दीड महिन्यात पोरगा रोज कामावरून आला की आजीपाशी बसायचा. तिला वाचता येत नाही. तो बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आणून तिला मराठीतून समजावून सांगत असे. एका संध्याकाळी चाळीसगावची हकिकत आली. १९२९ साल. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या समितीच्या कामाने बाबासाहेब खानदेशात गेले होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. स्टेशनापासून वस्ती दूर, मध्ये नदी. वस्तीवर त्यांना टांग्यातून न्यायचे, तर एकही टांगेवाला हाकायला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला नाही. आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याला सवय नव्हती. नदीच्या मोरीवर चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब दगडावर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेला. पाहुण्याचा मान राखण्यासाठी त्याचा जीवच धोक्यात घातला गेला, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले.

पोरगा वाचता वाचता थांबला. घरात कोणी बोलेना. मग आईच म्हणाली, "त्यांचा काय दोष? त्यांच्या हातात लगाम कधी कोणी दिलाच नव्हता. तुमच्या हातात तर वीस वर्षं पाना आहे. तुम्ही कसे चुकलात?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. ऐट वाईट नाही. ज्यांना चालत जायलाही रस्ता नव्हता त्यांच्या नातवाने चांगली गाडी घ्यावी, ती देखणी ठेवावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ऐट आणि आत बसलेले माणूस यांत आधी कोण, हे ठरवायचे राहून गेले होते.

दुसऱ्या रविवारी आम्ही तिघांनी गाडी पुन्हा उचलली. या वेळी वही घेऊन बसलो. पहिल्यांदा गाडीत खरोखरीचे वजन भरले. पुढे दोन माणसे, मागे तांदळाची पोती. सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेप लावून मापे लिहिली. मग रिंगा फिरवून उंची जवळजवळ कंपनीच्या मापाला आणली. डावी-उजवी सारखी आली की नाही ते दोनदा पाहिले. इथे एक गैरसमज सांगून ठेवतो. रिंग आवळली म्हणजे स्प्रिंग कडक होते, असे पुष्कळ मिस्त्री म्हणतात. या संचातल्या साध्या स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेत आणि वेढ्यांत असतो, रिंगेत नाही. आमची स्प्रिंग घरच्या गाडीला जास्त कडक होती. ती बदलून कमी किलोची घातली. बुशचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळले. गाडी हवेत असताना आवळले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

मग शॉकअप. बटण सर्वांत नरम टोकाला नेले. घराजवळचा एकच गतिरोधक, वेग ताशी वीस, वजन तेच. गाडी गतिरोधकावरून उतरल्यावर कितीदा हलते ते पोराने मोजायचे आणि वहीत लिहायचे. दर फेरीला दोन टिचक्या कडक करायच्या, बाकी कशालाही हात लावायचा नाही. नरम असताना गाडी तीनदा डोलली. फार कडक केल्यावर डोलली नाही, पण दात वाजले. मधल्या एका ठिकाणी गाडी एकदा वर आली, खाली बसली आणि शांत झाली. तीच जागा पक्की केली.

त्या वेळी आम्हा सर्वांना वर्षावासात ऐकलेली सोण भिक्खूची गोष्ट आठवली. चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले, तरी मन स्थिर होईना. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तथागतांनी त्याला विचारले की तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का, आणि फार सैल सोडल्या तर? मज्झिम मार्ग आम्ही विहारात कितीदा ऐकला होता. हाताला तो त्या दिवशी कळला. आणि मध्य काही अंदाजाने सापडत नाही; दोन्ही टोके पाहून, मोजून सापडतो.

ज्या घरांत तरुण मुलांना असा नाद आहे, त्यांना चार गोष्टी कळकळीने सांगतो. आधी जुने तपासा. गाडीचा कोपरा दाबून सोडला आणि ती एकापेक्षा जास्त वेळा हलली, किंवा शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले, तर शॉकअप गेला आहे. बहुतेक वेळा कंपनीच्या मापाचा नवा शॉकअप पुरतो आणि लाख रुपये वाचतात. उंची बदलली तर चाकांची अलाइनमेंट पुन्हा करा, नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतात. पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा; पावसाळ्यात आट्यांवरचा चिखल धुवा, नाहीतर रिंग गंजून बसते. आणि कायदा विसरू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीच्या विरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

पावसाळा संपल्यावर आई पुन्हा गाडीत बसली. या वेळी पुढे. पोराने शिळफाट्यापर्यंत नेऊन आणली. दोन खड्डे आणि तीन गतिरोधक लागले. आम्ही मागे बसून तिच्या मानेकडे पाहत होतो. परत आल्यावर ती हळूच उतरली, कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "आता येते महाडला."

गाडी दिसायला आता पूर्वीइतकी खाली नाही. पोराचे मित्र हसतात. तो त्यांना वही दाखवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!