तिसरं पदक

कबनूर कुठं संपतं आणि इचलकरंजी कुठं सुरू होते, हे परक्या माणसाला पटकन कळत नाही. घराला घर आणि मागाच्या शेडला शेड लागून गेलेली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. पुढं त्याचा खडखडाट शीव ओलांडून आसपासच्या गावांत शिरला आणि कबनूरच्या गल्ल्यांत तर कायमचाच राहायला आला. इथली माणसं जरा वरच्या पट्टीत बोलतात. परगावच्या पाहुण्याला वाटतं, भांडण लागलंय. मागाच्या आवाजावर आपला आवाज चढवायची सवय शेडमधून बाहेर आल्यावरही सुटत नाही, एवढंच.

पहाटे रात्रपाळीची माणसं डोक्यावरचा कापूस झटकत घरी निघतात, तेव्हा भरतीची पोरं रस्त्यानं पळत असतात. सोळाशे मीटर, घड्याळ लावून. चहाच्या गाड्याशी उभा असलेला एखादा रिटायर फौजी हाळी देतो, "पाय उचला की रं!" तो हवालदार होऊन परतलेला असला, तरी गाव त्याला 'मेजर'च म्हणतं. बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेले असे मेजर या भागात गावोगाव दिसतात. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीनं तर आपल्या नावापुढं 'सैनिक' लावून घेतलं आहे. या मुलखात सैन्य ही बातमी नसते, घरातली गोष्ट असते. पदकाचंही तसंच. ते कपाटात असतं, भिंतीवर असतं. ते नेमकं कशासाठी मिळालं, हे मात्र नातवंडांपर्यंत येताना पुसट होत जातं.

अशा गावात मला लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात आठवतात. १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूर संस्थानातल्या वडगावात जन्मलेला हा माणूस. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात शिकला, १९२६ साली अधिकारी झाला. सैन्यात त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणत. त्यांच्या पदकांकडं मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण ती दोन पदकं एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिलं ब्रह्मदेशातलं. जानेवारी १९४५, आराकानच्या किनाऱ्यावरचं कांगॉ. ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, सेन आणि थोरात. थोरातांच्या पंजाबी पलटणीनं जपान्यांनी धरलेली टेकडी चढून घेतली. तिघांनाही डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, म्हणजे डी. एस. ओ. मिळालं. हे शौर्य कुणालाही समजतं. टेकडी असते, वर शत्रू असतो, आपली माणसं पडत असतात आणि तरी वर जायचं असतं.

दुसरं कोरियातलं, १९५३ सालचं. युद्ध थांबलं होतं, पण मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई कैद्यांचं काय करायचं, हा घोळ उरला होता. त्यांच्या राखणीला भारतीय फौज गेली, तिचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारनं या फौजेला आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही. जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरनं थेट छावणीत उतरवावं लागलं. तिथं कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून धरलं. गोळीबाराचा हुकूम द्यायला कारण पुरेसं होतं. थोरात मात्र हत्याराशिवाय त्या खवळलेल्या जमावात शिरले आणि बोलून-समजावून आपला माणूस सोडवून घेऊन आले. त्यासाठी अशोकचक्राचा दुसरा वर्ग मिळाला, ज्याला आज कीर्तिचक्र म्हणतात.

त्यांच्या तिसऱ्या कामाला पदक नाही. ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना, १९५९ साली, चीन नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, उतरला तर काय होईल याचा लेखी अंदाज त्यांनी वर पाठवला. सैन्य अपुरं आहे, रस्ते नाहीत, ठाणी टिकणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते पटलं नाही. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन थोरातांनी तेच पुन्हा मांडलं. तेव्हा लष्करप्रमुख असलेल्या थिमय्यांनी आपल्यानंतर त्या पदासाठी त्यांचं नाव सुचवलं होतं. नेमणूक जनरल थापरांची झाली. १९६१ साली थोरात निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी फौजा आल्या आणि कागदावरचा अंदाज बर्फात खरा ठरत गेला. मग नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं.

कबनूरच्या साध्या मागावर उभा धागा तुटला तर माग आपला आपण थांबत नाही. कामगारानं बघून थांबवायचा असतो. मजुरी विणलेल्या मीटरवर, म्हणजे थांबवणाऱ्याचंच नुकसान. न थांबवावं, तर खोट ताग्याच्या शेवटापर्यंत जाते. थोरातांनी माग थांबवा म्हटलं आणि मजुरी स्वतःची घालवली.

निवृत्तीनंतरची तीस वर्षं हा माणूस महाराष्ट्रातच राहिला. 'माझी शिपाईगिरी' हे आत्मचरित्र लिहिलं. आपलं ऐकलं नाही म्हणून देश हरला, हे ऊर बडवून सांगायला एवढी वर्षं पुरेशी होती. पण हरलेल्या लढाईबाबत आपण बरोबर होतो, हे सिद्ध होण्यात सैनिकाला कसलं समाधान? त्या अंदाजातली ठाणी पडली तेव्हा त्यांत आपलीच पोरं होती. १० ऑगस्ट १९९२ रोजी, शहाऐंशीवा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, ते गेले.

टेकडी जिंकणाऱ्याची गोष्ट सांगायला सोपी. छावणीत निःशस्त्र शिरणाऱ्याचीही सांगता येते, कारण शेवटी माणूस सुटतो. वेळेवर खरं बोलून हरणाऱ्याच्या गोष्टीला मात्र असा शेवट नसतो. म्हणून ती सत्काराच्या भाषणात येत नाही, चौकाच्या फलकावर मावत नाही. सरकार तरी तिला पदक कसं देणार? ते देताना त्याला आपली चूक लिहून द्यावी लागेल. तो मान गावांनीच द्यायचा. ज्या मुलखात घरटी एक फोटो गणवेशातला असतो, त्यानं आपल्या पोरांना 'हुकूम पाळ' याच्या जोडीला एवढंही सांगावं, की वरच्याला नको असलेली खरी गोष्ट सांगणं हाही शिपाईगिरीचाच भाग आहे.