कसारा घाट आणि गाडीचा जमाखर्च

मुंबईहून नाशिकचा रस्ता ठाणे, भिवंडी ओलांडून पडघ्याला आला की जरा मोकळा होतो. वाशिंद, आसनगाव, शहापूर, खर्डी मागे पडतात आणि कसाऱ्याला सह्याद्री आडवा येतो. रेल्वेलाही ही चढण सोपी नाही. ३७ फुटांना १ फूट चढ असल्यामुळे बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला पाठीमागून जादा इंजिने जोडतात व इगतपुरीपर्यंत ढकलत नेतात.

आपल्या वस्त्यांमधून त्रिरश्मी लेणी पाहायला जाणारी कुटुंबे याच वाटेने, बहुधा भाड्याच्या जीपने जातात. म्हाताऱ्या आया, लहान मुले, डबे, सतरंज्या असा सारा संसार बरोबर असतो. पावसाळ्यात घाटात धुके उतरते. दिवे, वायपर, पंखा सगळे एकदम चालू ठेवावे लागते. गाडीच्या विजेचा खर्च तेव्हा सर्वांत जास्त असतो, आणि जमेची बाजू लंगडी असेल तर ती इथेच उघडी पडते.

२०१७ च्या पावसाळ्यात आमची दहा जणांची जीप शहापूरला चहासाठी थांबली ती पुन्हा चालूच होईना. सेल्फ मारला की नुसते टक-टक. जवळच्या दुकानदाराने बॉनेट न उघडताच सांगितले, ‘‘बॅटरी गेली, नवीन टाका.’’ चालक आमच्याच वस्तीतला, जीप कर्जावर घेतलेली. नवी बॅटरी म्हणजे त्याची कित्येक दिवसांची कमाई. तो गप्पच झाला. एका टेम्पोवाल्या दादांनी वायर जोडून जंप दिला आणि जीप सुरू झाली. पण कसारा येईपर्यंत दिवे पिवळे पडले आणि वायपर रडतखडत फिरू लागला.

तिथे एक वयस्कर वायरमन भेटले. त्यांनी गाडी बंद न करता बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला. काटा ११.७ व्होल्टवर. रेस वाढवायला सांगितली, तरी काटा हलेना. ते हसून म्हणाले, ‘‘बॅटरीला काय दोष देता? घरातला कमावताच बसलाय.’’

मी बी.कॉम.चा माणूस, मला हे लगेच पटले. बॅटरी म्हणजे पासबुकातली शिल्लक आणि अल्टरनेटर, ज्याला आपले मिस्त्री अजून डायनामो म्हणतात, तो म्हणजे पगार. गाडी सुरू करताना शिल्लक मोडायची. सुरू झाली की पगारातून खर्च भागवायचा आणि मोडलेली शिल्लक भरून काढायची. पगार थांबला की नवीन बॅटरीसुद्धा काही तासांत रिकामी होते. आमच्या डायनामोचे कार्बन झिजले होते. ते बदलायला दीड तास आणि काही शे रुपये लागले. मीटर आधी १३ च्या वर आणि मग हळूहळू १४ कडे सरकला. बॅटरी जुनीच राहिली.

वाचक बंधू-भगिनींनो, घरात गाडी असो वा भाड्याची, हे आकडे लक्षात ठेवा. साधा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसले तर कमावता ठीक आहे. आकडा वर चढलाच नाही तर डायनामो, त्याचा पट्टा किंवा वायर बघा. १५ च्या वर गेला तर कटआऊट बिघडला. बॅटरी उकळते, पाणी आटते. नवीन काही गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून दिवे लावून पुन्हा बघावे.

मीटर नसेल तर जंप हीच परीक्षा. जंप दिल्यावर गाडी दिवसभर बिनतक्रार चालली, रोज चालते, आणि तरी सकाळी पुन्हा मुकी, तर बॅटरी म्हातारी झाली. जंपनंतर चालता चालताच दिवे मंदावले तर डायनामो. मात्र टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल किंवा पकड ढिली असेल, तर आधी तेवढे साफ करून आवळा. कधी कधी दुखणे तेवढेच असते. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघण्याची जुनी खोड मात्र सोडा. त्याने आजच्या गाड्यांतली नाजूक यंत्रणा जळते. बॅटरीजवळ विडी-काडी तर नकोच, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

त्या दिवशी आम्ही दुपारी पाथर्डी फाट्याजवळ पोचलो आणि पायऱ्या चढलो. लेणी २४ आहेत. लेणे क्रमांक १० मधल्या लेखापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवल्याचे त्यात कोरले आहे. मुद्दल हलवायचे नाही, व्याजातून भिक्खूंचा वस्त्रांचा खर्च करायचा. व्याजाचा दरसुद्धा दगडावर! चालकाला अर्थ सांगितला तर तो म्हणाला, ‘‘काका, बँकेवाल्यांना दाखवा हे.’’

आता घाट टाळून जाणारी वाटही झाली आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यात इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. तिथे गाडी अडली तर चहाची टपरीही नाही आणि वायरमनही नाही. म्हणून निघण्यापूर्वी चावी फिरवून बॅटरीचा लाल दिवा बघा. इंजिन चालू होण्याआधी तो लागला पाहिजे आणि चालू होताच विझला पाहिजे. वाटेत तो पेटला तर एसी, पंखा, गाणी बंद करा, पण इंजिन बंद करू नका. एक गोष्ट मात्र सांभाळा: ज्या गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो, तिथे पट्टा तुटला तर इंजिन तापू लागते. तसे दिसले तर लगेच कडेला घेऊन इंजिन बंद करायचे, आणि मुलाबाळांना रस्त्यापासून दूर उभे करायचे.