हॅम्प्टनचा वारा

गतवर्षीं चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत तीन मास राहून आलों. जातांना विमानाच्या खिडकींतून पाहिलें, तों पंखाचें टोंक खालीं-वर डोलत होतें! कुटुंबानें डोळे मिटून रामरक्षा आरंभिली. माझेंही मन स्थिर नव्हतें.

चिरंजीवांचा व्यवसायच मुळीं वारा व पंख यांचें गणित संगणकावर मांडण्याचा. त्यांस आमची भीति सांगतांच ते आम्हांस चेसापीक उपसागराच्या मुखाशीं वसलेल्या हॅम्प्टन नगरीस घेऊन गेले. १९१७ सालीं स्थापन झालेलें लँग्ले संशोधन केंद्र येथेंच. त्याच्या वेशीबाहेर उभे राहून त्यांनीं जें सांगितलें, तें असें :

वारा पंखास वांकवितो. वांकलेला पंख वाऱ्याचा ओघ बदलतो. बदललेला ओघ पंखास पुनः निराळा वांकवितो. हा व्यवहार मर्यादेंत असला तर डोलणें आपोआप शमतें. पंखानें थोडें लवावें अशीच त्याची रचना असते. परंतु विशिष्ट वेगास पंख वाऱ्यापासूनच शक्ति ओढूं लागला, तर डोलणें वाढत जाऊन क्षणार्धांत तो तुटतो. यास ‘फ्लटर’ म्हणतात. २९ सप्टेंबर १९५९ रोजीं टेक्सासमध्यें व १७ मार्च १९६० रोजीं इंडियानामध्यें ‘इलेक्ट्रा’ जातीचीं दोन विमानें अशींच पंख तुटून पडलीं. ९७ माणसें गेलीं. इंजिनाची बैठक दुबळी झाली असतां प्रोपेलर भोंवऱ्यासारखा डोलूं लागतो व तें डोलणें पंखांत शिरतें, हें येथील १६ फूट रुंद वायुबोगद्यांत प्रतिकृतीवर पडताळलें गेलें. मग बैठकी मजबूत केल्या.

आतां संगणक हवेचे लक्षावधि सूक्ष्म खंड कल्पून प्रत्येकांतील दाब काढतो. त्यावरून पंखाचें वांकणें, व त्या वांकण्यावरून पुनः दाब. तथापि या गणितासही परीक्षा आहे. याच बोगद्यांत महोगनी लाकडाचा, भोंकें पाडून मुद्दाम दुबळा केलेला एक लहान पंख तपासला होता. त्याचे आंकडे १९६३ सालीं प्रसिद्ध झाले. देशोदेशींचे गणिती आपलें गणित अद्यापि त्या लाकडी पंखाशीं ताडून पाहतात, आणि ध्वनीहून अधिक वेगास पुष्कळांचीं उत्तरें ढळतात!

अनुमानास प्रत्यक्षाचा आधार लागतो, हें नैयायिकांचें मत मीं जन्मभर वर्गांत सांगितलें. त्याचें मोल मला त्या वेशीपाशीं कळलें.

परततांना पंख तसाच डोलत होता. कुटुंबानें रामरक्षा म्हटलीच; मात्र या खेपेस डोळे उघडे ठेवून.