कांकण

बेगल म्हणजे नक्की काय, यावर परवा आमच्या विंगमध्ये जोरदार चर्चा झाली. एकीने तो फक्त सिनेमात पाहिलेला, दुसरीने बंगळूरच्या कॅफेत भरपूर पैसे मोजून खाल्लेला! मी म्हटलं, अगं, गोल, मध्ये भोक असलेला पाव ना? तसला आपल्या पदेराकडेही मिळतो. त्याला कांकण म्हणतात. कांकण म्हणजे बांगडी.

तसे ते दोघे सख्खे भाऊ नव्हेत. बेगल आधी पाण्यात उकळतात, मग भाजतात, म्हणून तो चिवट. कांकण थेट भट्टीत जातं, म्हणून कडकडीत. प्रॅक्टिकल संपवून टेकडी उतरलात तर गरमागरम मिळेल. अंकल भट्टीच्या पोटातच लाकडं जाळतात, मग निखारे बाजूला ओढून तापलेल्या जमिनीवर पाव भाजतात. हीट ट्रान्सफरच्या व्हायवाआधी एकदा बघून याच!

मला मात्र कांकण घरी नेताना विचार पडायचा. कॉन्व्हेंटमध्ये मैत्रिणींच्या डब्यातला पाव मी मजेत खायचे, पण आमच्या स्वयंपाकघरात तो कधी आला नाही. कारण आजी! पाद्रींनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेला अख्खा गाव बाटला, ही गोष्ट तिने तिच्या आजीकडून ऐकलेली. १५६० मध्ये मंगेशाला कुठ्ठाळीहून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात आणलं. त्याच्यामागून आलेल्यांतले आम्ही. त्यात पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर घालायचे, म्हणजे दारूच की! 'पाव' शब्द पोर्तुगीज, 'पदेर' शब्दही पोर्तुगीज. आजीच्या लेखी सगळंच बाटलेलं. तिला हसणं सोपं आहे, पण देव घेऊन घरदार सोडलेल्या माणसांची ती आठवण होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी चार कांकणं नेलीच. आजीने एक हातात घेतलं, बोटाने टकटक वाजवलं.

"इतकं कडक? ह्याला दात हवेत गो."

"चहात बुडवून खातात, आजी."

तिने खाल्लं नाही. मीही आग्रह केला नाही. कांकणं नेहमीसारखी बाहेरच्या खोलीत ठेवायला निघाले, तर मागून हाक आली, "तिथे नको ठेवू, सादळतील. आत फळीवर डबा आहे, त्यात घाल."