कोठार, दुकान आणि मासिक

आठवीच्या वर्गात आम्ही ‘मॅगझीन’ या शब्दाचा अर्थ विचारला. मुलींनी लगेच सांगितले, मासिक. मागच्या बाकांवरची मुले हसू लागली. त्यांतला एक उठून म्हणाला, “सर, बंदुकीत गोळ्या भरतात ते.” मोबाईलवरच्या खेळांतून मिळालेले हे ज्ञान! दोन्ही उत्तरे बरोबर होती. दोन्हींचे मूळ एकच आहे, हे सांगायला मात्र आम्हांला पस्तीस मिनिटांचा तास पुरला नाही. राहिलेले इथे लिहीत आहोत.

इंग्रजीने हा शब्द फ्रेंचकडून घेतला. फ्रेंचांचा शब्द ‘मागाझँ’. त्यांना तो इटलीतून मिळाला, तिथे तो ‘मागाझ्झिनो’. आणि इटलीच्या व्यापाऱ्यांनी तो उचलला अरबांकडून. मध्ययुगात ते मिसर, शाम आणि उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत व्यापाराला जात. माल ठेवण्याच्या जागेला अरबीत ‘मखजन’ म्हणतात, अनेकवचन ‘मखाजिन’. मालाबरोबर शब्दही जहाजात चढला. स्पेन आणि पोर्तुगाल यांना एवढा वळसा पडला नाही. तिथे शतकानुशतके अरबी बोलली जात होती, म्हणून स्पॅनिशमध्ये ‘अल्मासेन’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘अर्माझेम’ असे शब्द राहिले. त्यांच्या तोंडी अरबीतला ‘अल’ अजून चिकटलेला आहे.

मखजनचा धातू खे-जे-नून, म्हणजे साठवून ठेवणे. हजरत युसूफ (अलै.) यांच्या हकिकतीत देशाच्या कोठारांसाठी कुरआनात ‘खजाइन’ हा शब्द आला आहे, तोही याच धातूचा. आणि आपला ‘खजिना’ही. तो फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि असा रुळला की आज गणेश मंडळालाही खजिनदार लागतो आणि मशिदीच्या कमिटीलाही.

फ्रान्समध्ये गेल्यावर शब्दाने रंग बदलला. आधी ते कोठार होते. मग जिथे माल साठवतात तिथूनच तो विकला जाऊ लागला आणि मागाझँ म्हणजे दुकान झाले. आज पॅरिसमध्ये कोणी मागाझँला चाललो म्हणाला तर तो खरेदीला निघाला आहे असे समजावे. युरोपच्या इतर भाषांनी यांतला आपापल्या सोयीचा अर्थ ठेवला. डचांनी कोठार ठेवले. रशियन आणि रुमानियन लोकांनी दुकान घेतले. मॉस्कोच्या लाल चौकातल्या ‘गुम’ या प्रसिद्ध भव्य बाजाराच्या नावातला शेवटचा ‘म’ म्हणजे हाच ‘मागाझिन’. जर्मन आणि पोलिश लोकांनी कोठारही ठेवले आणि पुढे मासिकही घेतले. रशियनांची गंमत वेगळीच. मासिकाला ते ‘झुर्नाल’ म्हणतात. हा शब्दही फ्रेंचच, पण खुद्द फ्रेंचांत त्याचा अर्थ रोजचे वर्तमानपत्र!

इंग्रजीत मॅगझीन म्हणजे आधी कोठार आणि मग विशेषकरून दारूगोळ्याचे कोठार. 11 मे 1857 रोजी दिल्लीत इंग्रजांनी स्वतःच्या हाताने उडवून दिले ते हेच मॅगझीन. त्याचा दरवाजा काश्मिरी गेटजवळ अजून उभा आहे. दारूगोळ्याची ही खोली पुढे आटत आटत बंदुकीतल्या काडतुसांच्या डबीएवढी झाली. आमच्या मागच्या बाकांना तेवढीच माहीत होती.

मग मासिक कुठून आले? 1731 साली लंडनमध्ये एडवर्ड केव्ह यांनी ‘द जेंटलमन्स मॅगझीन’ सुरू केले. नाना ठिकाणचे, नाना विषयांचे लेखन एका जागी साठवलेले, म्हणून हे नाव. नाव लोकांना आवडले आणि अशा प्रकाशनांची जातच मॅगझीन म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे फ्रेंचांनी हा नवा अर्थ इंग्रजांकडून परत आणला. आता त्यांच्याकडे ‘मागाझँ’ म्हणजे दुकान आणि ‘मागाझीन’ म्हणजे मासिक, असे दोन शब्द सुखाने नांदतात.

ही परतफेड मुसलमानी मुलखांतही झाली. इराणात ‘मखजन’ म्हणजे साठवणीची टाकी, आणि दुकानाला म्हणतात ‘मगाजे’. हा मगाजे युरोप फिरून आलेला मखजनच. तुर्कांकडे तर तीन आहेत: ‘महझेन’ म्हणजे तळघर, ‘माआझा’ म्हणजे दुकान आणि ‘मागाझीन’ म्हणजे नटनट्यांच्या भानगडींच्या बातम्या. एका आईची तीन लेकरे, आणि एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळत नाही.

हे सगळे आम्ही हौसेखातर सांगत नाही. निबंधाच्या तासाला एक मुलगी वही घेऊन आली आणि हळूच विचारू लागली, “सर, खजिना लिहू की कोष? खजिना आपला शब्द आहे ना, मार्क कापतील का?” ‘आपला’ म्हणताना तिने आवाज आणखी खाली घेतला. कुणीतरी तिला सांगितले होते की असे शब्द मराठीत घुसलेले आहेत. आम्ही म्हटले, बिनधास्त लिही, तुझ्या मैत्रिणीच्या आजीच्या गोष्टीतही खजिनाच असतो. पण तिचा तो खाली गेलेला आवाज आमच्या मनातून जात नाही. शब्दाला परका म्हटले की तो बोलणारे मूलही स्वतःला परके समजू लागते.

उलट बाजूचे लोकही आम्हांला भेटतात. कुठल्याही मैफलीत त्यांचे ठरलेले असते की युरोपला सगळे आपणच दिले. अहो, दिले ते कोठार. त्यात कथा-कविता साठवायची कल्पना लंडनच्या एका छापखानेवाल्याची. ती कबूल करायला काय हरकत आहे?

अब्दुल कादिर यांनी ती केव्हाच कबूल केली होती. 1901 साली त्यांनी लाहोरमधून उर्दू मासिक काढले आणि नाव ठेवले ‘मखजन’. इकबालांची ‘हिमाला’ ही नज्म त्याच्याच पहिल्या अंकात छापली गेली. लंडनमध्ये मिळालेला अर्थ त्यांनी जुन्या अरबी शब्दाला चढवला आणि उर्दू वाचकाला त्यात काही वावगे वाटले नाही. अरबांना मात्र वाटेल. ते मासिकाला ‘मजल्ला’ म्हणतात. काहिऱ्याच्या बाजारात वाचायला मखजन मागितलेत, तर दुकानदार गोदामाचा रस्ता दाखवील.