मी कमावलेले पाच शब्द



आमच्या वर्गात दर शनिवारी सकाळच्या शाळेत इंग्रजीचे एक कोडे असते. गुरुजी फळ्यावर चार अक्षरे लिहितात. ती चारही अक्षरे ज्यात आहेत असे पाच अक्षरांचे शब्द आपण शोधायचे. पाचवे अक्षर आपल्या मनाचे, पण ते वेगळे हवे. उत्तर सोमवारी द्यायचे. ज्याचे शब्द जास्त, त्याचे नाव फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहते.

एका शनिवारी अक्षरे होती ए, आर, एन आणि ई. माझे इंग्रजी कच्चे आहे. माझे नाव फळ्यावर कधी आले नव्हते. त्या दिवशी आमच्याकडे माझा मावसभाऊ आला होता. त्याच्या मोबाइलमध्ये अशी अक्षरे टाकली की क्षणात शब्दांची रांग लागते. मी त्यातले दहा शब्द वहीत उतरवून घेतले.

सोमवारी बाकीच्या मुलांचे दोन किंवा तीन शब्द निघाले. माझे दहा! गुरुजींनी शाबासकी दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे नाव फळ्यावर लागले. बाबांना तर इतका आनंद झाला की पानठेल्यावर त्यांनी सर्वांना सांगितले, "आमचा पोरगा इंग्लिशमधी पयला आला." बाबांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. सन २००० पासून आपल्या राज्यात ते पहिलीपासून आले. म्हणून माझ्या इंग्रजीचे बाबांना फार कौतुक आहे.

संध्याकाळी आजोबा जाळे दुरुस्त करत बसले होते. ते म्हणाले, "बाबू, वाचून दाखव बरं तुये शब्द." मी वाचू लागलो. ते म्हणाले, "अन् याचा मतलब का होते?" लर्न म्हणजे शिकणे, हे मला येत होते. रेंज तर आपल्या गावात लहान पोरालाही ठाऊक आहे. एक वनखात्याची रेंज अन् दुसरी मोबाइलची. पण बाकीच्या आठ शब्दांचा अर्थ मला सांगता येईना. एक शब्द तर मी 'इअर्न्स' असा वाचला. आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "जाळ्यात काडीकचराबी येते गा. मासोळी आपल्यालेच वेचा लागते."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतला शब्दकोश उघडला. तो शब्द 'अर्न्स' असा वाचतात. अर्थ दिला होता, श्रम करून मिळवतो, कमावतो. मला एकदम कसेसेच झाले. बाबा तेव्हा धानाच्या रोवण्यावर जात होते. दिवसभर चिखलात वाकून ते जे घरी आणतात, ते 'अर्न'. मी जे वर्गात आणले ते काही कमावलेले नव्हते.

मी गुरुजींना सगळे खरे सांगितले. मला वाटले, आता मार बसणार. पण त्यांनी माझ्या हातात डस्टर दिले आणि म्हणाले, "नाव तूच पूस." मी पुसले. मग त्यांनी मला एकट्याला नवीन कोडे दिले: एस, टी, ओ, आर. म्हणाले, "यात मी मुद्दामच ई दिला नाही. इंग्रजीत ई सर्वांत जास्त वेळा येतो. पूर्वी तारेने संदेश पाठवायचे, त्या मोर्सच्या लिपीत ई साठी फक्त एक ठिपका होता, कारण तो सारखा लागे." ती तारेची सेवा आपल्या देशात २०१३ साली बंद झाली.

घरी मी जुन्या लग्नपत्रिका कापून २६ चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर एक अक्षर. आधी हिशोब केला. पाच वेगळी अक्षरे १२० प्रकारांनी मांडता येतात. पाचवे अक्षर उरलेल्या २२ पैकी कोणतेही. २२ गुणिले १२० म्हणजे २,६४० मांडण्या! इतक्या कोण करणार? शब्दकोशही कामाचा नाही. तो पहिल्या अक्षराने लावलेला असतो आणि पहिले अक्षर कोणते तेच तर माहीत नसते.

मग मी पुस्तकातले शब्द नीट पाहू लागलो. त्यात काही गोष्टी सापडल्या. एस-टी ही जोडी सुरुवातीला येते, जसे स्टार, आणि शेवटीही येते, जसे बेस्ट. पण आर-टी सुरुवातीला कधी दिसली नाही. ती शेवटी येते, जसे कार्ट. म्हणून एस-टी-ओ-आर असे आधी मांडले आणि शेवटी एकेक चिठ्ठी लावून पाहिली. ई लावला तर स्टोअर, हा तर दुकानाच्या पाटीवर असतो. वाय लावला तर स्टोरी. मग आर-टी शेवटी नेली. एच घेतला तर शॉर्ट, पी घेतला तर स्पोर्ट. चार झाले.

के लावला तेव्हा स्टॉर्क झाले. असा शब्द असेल असे वाटेना. तरी शब्दकोश उघडला, आता तो कामी आला. अर्थ होता, करकोचा! मी ओरडलोच. आजोबा म्हणाले, "अरे, तो त आपल्या बांधावर रोज दिसते. एकाची चोच मिटली तरी मंधात फट रायते. बांधीतल्या गोगलगायी खाते तो." दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तलावावर गेलो आणि आजोबांनी मला तो दाखवला. चोचीत खरोखर फट होती. हा शब्द मी आता जन्मभर विसरणार नाही.

माझे पाचच शब्द निघाले. एम लावून स्टॉर्म होतो, वादळ, हे मला सुचलेच नाही. ते वर्गातल्या एका मुलीने सांगितले. फळ्यावर माझे नाव लागले नाही, पण पाचही शब्दांचे अर्थ कोणीही विचारा, मी सांगेन.

हे लिहिताना माझा हात थांबत होता, कारण पालकसभेला बाबा येतील आणि हे वाचतील. बाबा, ते दहा शब्द माझे नव्हते. हे पाच आहेत.

मित्रांनो, आता तुमच्यासाठी कोडे. अक्षरे आहेत ई, आर, ओ, एन. पाचवे तुम्ही शोधा. शब्द बरेच होतात, पण त्यात एक आपल्या बांधावरचा पक्षी आहे. उत्तर चिठ्ठीवर लिहून या भित्तिपत्रकाखालच्या खोक्यात टाका, आणि शब्दाशेजारी अर्थ लिहायला विसरू नका.

एक विद्यार्थी, इयत्ता सातवी